पाच भाषांतली ‘माझी आई’

सुरतेहून निघालेली गाडी नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा अशी स्टेशने घेत नरडाण्याला येते. गाव फार मोठे नाही. एका अंगाला तापी खोऱ्यातला हा लोहमार्ग, दुसऱ्या अंगाला मुंबई-आग्रा रस्ता आणि जवळच औद्योगिक वसाहत. फलाटावर घटकाभर उभे राहिले तर कानावर किती भाषा पडतात! ‘कथा चालना रे भो?’ असे कोणी अहिराणीत विचारतो. गाठोडे डोक्यावर घेतलेल्या बाया भिल्लीत बोलत पुढे निघतात. सुरतेला उधना भागात काम करून परतलेला तरुण अहिराणीत मधूनच गुजराती शब्द टाकतो, तर कारखान्यात कामाला आलेला परप्रांतीय मजूर आपल्या मुलुखातली हिंदी बोलत रिक्षा शोधत असतो.

ही सगळी माणसे आपापल्या घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मुले एकाच शाळेत, एकाच बाकावर येऊन बसतात. गुरुजी फळ्यावर निबंधाचा विषय लिहितात : ‘माझी आई’.

असा पाचवीचा एक वर्ग डोळ्यांसमोर आणून पाहा. शेतकऱ्याच्या मुलाच्या घरी आईला ‘माय’ म्हणतात. तांड्यावरून येणाऱ्या बंजारा मुलीची ती ‘याडी’. भिल्ल मुलाची ‘याहा’. सातपुड्यातली याहामोगी ही देवी म्हणजे ‘आई मोगी’च. मोहल्ल्यातल्या मुलीची ‘अम्मी’ आणि भोजपुरी बोलणाऱ्या मजुराच्या मुलाची ‘माई’. वर्गात आया पाच प्रकारच्या आहेत. पण वह्या तपासायला घ्या, सगळ्यांत आई एकच. ती पहाटे उठते, ती फार प्रेमळ असते, ती छान छान पदार्थ करते, आणि तिच्याविना तिन्ही जगांचा स्वामीही भिकारी असतो. ही आई कुणाच्याच घरातली नसते. ती गाइडातून आलेली असते.

हे मी काही लांबून सांगत नाही. लहानपणी एका शाळेत मीही हा निबंध लिहिला होता. पहिलेच वाक्य होते, ‘मन्ही माय वावरमा जास.’ वही परत आली तेव्हा त्या वाक्याखाली लाल रेघ होती आणि वर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते, ‘माझी आई शेतात जाते.’ दुरुस्ती चुकीची नव्हती. शिक्षकही वाईट नव्हते. पण पुढची दहा वाक्ये, म्हणजे माय वावरातून येताना पदरात काय आणायची आणि कुणावर चिडायची, ही त्यांनी वाचलीच नसावीत. कारण त्यांच्याखालीही नुसत्या रेघाच होत्या. पुढच्या वर्षी मी शहाणा झालो. गाइडातली आई उतरून काढली आणि दहापैकी नऊ गुण मिळवले. लिहायचे म्हणजे आपले नसलेले लिहायचे, हा धडा मला त्या नऊ गुणांनी शिकवला आणि तो विसरायला पुढे फार वर्षे लागली.

मुलाला सर्जनशील लेखन शिकवायचे, असे आज आपण म्हणतो. त्यासाठी शिबिरे होतात, स्पर्धा होतात. परंतु अनेक भाषांच्या वर्गात हा प्रश्न कल्पनाशक्तीचा नसतोच. मुलांकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. ते ज्या शब्दांत सांगता येते, त्या शब्दांना वहीत जागा आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. नरडाण्याहून त्याच रूळांवरून पूर्वेकडे निघालो की थोड्याच वेळात अमळनेर लागते. येथील प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. गुरुजी कोकणातल्या पालगडचे, मुले खानदेशातल्या खेड्यापाड्यांची. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. दररोज स्वतःच्या हाताने लिहून मुलांपुढे काही वाचायला ठेवणारा शिक्षक, हीच मुळात लेखनाची केवढी मोठी शिकवण! पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, तीही साने गुरुजींनीच उतरवून घेतली. दुसऱ्याचे बोलणे मन लावून ऐकायचे आणि त्याच्या बोलण्याला न दुखावता कागदावर आणायचे, ही विद्या त्यांना साधलेली होती. दुसऱ्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. ती आईही नुसती ‘प्रेमळ’ नाही. अंघोळ केलेल्या पोराच्या पायांना माती लागू नये म्हणून ती धोंड्यावर आपले लुगडे पसरते; पण चुकल्यावर मारतेसुद्धा. म्हणून तर कोकणातली ती आई खानदेशातल्या मुलांनाही आपली वाटली.

अमळनेरच्या पुढे बालकवी ठोंबऱ्यांचे धरणगाव आणि मग जळगाव. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली बहिणाबाई चौधरींचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या आपल्या बोलीत गाणी रचीत. मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसे ती टिपून ठेवीत. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

ही हकीकत आपण नेहमी बहिणाबाईंच्या प्रतिभेसाठी सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण थोडे टिपणाऱ्याच्या बाजूनेही पाहावे. सोपानदेव स्वतः प्रमाण मराठीत लिहिणारे कवी होते. आईचे ‘डोया’ खोडून तेथे ‘डोळा’ करणे त्यांना काय कठीण होते? तशी दुरुस्ती झाली असती, तर व्याकरण शुद्ध झाले असते आणि बहिणाबाई हरवल्या असत्या. ज्याला लिहिता येते त्याने, ज्याला येत नाही त्याचे ऐकले आणि जसे ऐकले तसे लिहिले. अनेक भाषांच्या वर्गातल्या शिक्षकाचे पहिले कामही हेच आहे.

साता समुद्रापलीकडे न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिकेने माओरी मुलांच्या वर्गात हेच काम केले. सरकारी वाचनमालेतल्या गोऱ्या मुलांच्या नीटनेटक्या घराशी या मुलांचा काही संबंध नव्हता. म्हणून बाई रोज सकाळी प्रत्येक मुलाला विचारीत, ‘तुला आज कोणता शब्द हवा?’ मूल सांगेल तो शब्द त्या जाड कागदावर लिहून त्याच्या हाती देत. कुणाला ‘भूत’ हवे असे, कुणाला आईबापांच्या भांडणातला एखादा शब्द. दुसऱ्या दिवशी जो शब्द मुलाला ओळखता आला तो त्याचा. जो आला नाही, तो त्याच्या मनातला नव्हता असे समजून बाजूला टाकला जाई. मुलांचे पहिले लेखन याच शब्दांतून उभे राहिले. १९६३ साली आलेल्या ‘टीचर’ या पुस्तकात बाईंनी हे सारे सांगितले आहे. आपल्याकडेही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आधी बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी जी शाळा उभी केली, ती मुलांच्या अंगणात आणि कुरणात जाऊनच.

आता नरडाण्याच्या त्या वर्गात परत येऊ. गुरुजींनी काय करावे? ‘माझी आई’ हा विषय पुसून टाकण्याचे कारण नाही. फक्त प्रश्न बदलावा. ‘संध्याकाळी आईच्या हाताला कशाचा वास येतो?’ असे विचारावे आणि उत्तर ज्याने त्याने आपल्या बोलीत द्यावे. कपाशी वेचून आलेल्या हाताचा, भट्टीवरच्या मातीचा, मशीनच्या तेलाचा, कयन्याच्या भाकरीचा, असे एकेक वास वर्गात येऊ लागतील. मग मुलांनी ते लिहावे. अहिराणी काय, भिल्ली काय, बहुतेक साऱ्या बोली देवनागरीत लिहिता येतात. ज्याला अक्षर जमत नाही त्याने सांगावे आणि शेजारच्याने लिहावे. सोपानदेवांनी आईसाठी केले तेच.

त्यानंतर वाचन. भिल्ल मुलाने वाचलेला एखादा शब्द इतरांना कळणार नाही. मग त्यानेच तो समजावून सांगावा. एरवी वर्गात ज्याला काही येत नाही असे सगळे धरून चालतात, त्याच्याकडे अर्थ विचारायला चाळीस मुले वळली, की त्याचा चेहरा कसा होतो ते ज्याने पाहिले असेल त्याला वेगळे सांगायला नको. असे शब्द भिंतीवरच्या मोठ्या कागदावर रकाने पाडून लिहावेत. एका रकान्यात ‘शाया’, दुसऱ्यात ‘शाळा’. वर्षअखेर त्या वर्गाचा स्वतःचा शब्दकोश तयार होतो.

आणि शेवटी त्याच मजकुराचा दुसरा खर्डा, प्रमाण मराठीत. ही पायरी गाळून चालणार नाही. बोलीचे कौतुक करीत मुलाला प्रमाण भाषेबाहेर ठेवणे हा त्याच्यावर दुहेरी अन्याय होईल. परीक्षा, अर्ज, नोकरी, वर्तमानपत्र सारे तिच्यातच आहे. परंतु ज्याच्याजवळ आपले असे काही लिहून झाले आहे, तो ते दुसऱ्या भाषेत कसे सांगावे हे हौसेने शिकतो. दोन्ही खर्डे वहीत समोरासमोर राहावेत. एकाने दुसऱ्याला खोडू नये.

काही शब्दांना तर दुसरा खर्डा होतच नाही. ‘माझा आवडता सण’ म्हटले की गाइडात दिवाळी असते. खानदेशात लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात ती आखाजीला. अक्षय्य तृतीया म्हटले की तिथी कळते, आखाजी कळत नाही. आणि सालदाराच्या मुलाची आखाजी आणखी निराळी. सालदाराचे साल आखाजीला संपते आणि नवे सुरू होते. पुढच्या वर्षी बाप कुणाच्या वावरात राबणार, हे त्या दिवसांत ठरते. त्या मुलाने हे एका परिच्छेदात लिहिले, तर त्या परिच्छेदाने वर्गाला आणि गुरुजींनाही गावाबद्दल जे कळेल, ते समाजशास्त्राच्या धड्यात सापडणार नाही.

कुणी म्हणेल, शिक्षकाला पाच भाषा कुठून येणार? त्या येण्याची गरज नाही. आपल्याला येत नाहीत हे वर्गापुढे कबूल करण्याची तयारी पुरे आहे. कुणी म्हणेल, या बोली म्हणजे अशुद्ध मराठीच ना? जॉर्ज ग्रिअर्सनने भारताच्या भाषिक पाहणीत खानदेशीचा विचार मराठीच्या खंडात न करता १९०७ साली निघालेल्या भिल्ली बोलींच्या खंडात केला. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही स्वतंत्र भाषा म्हणून मोजली गेली आणि ती सांगणारे १८ लाखांहून अधिक निघाले; भिल्ली बोलणारे तर देशभरात एक कोटीच्या वर. नेहरू-आंबेडकरांच्या पिढीने घडवलेल्या घटनेत १९५६ च्या दुरुस्तीने ३५० (अ) हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय व्हावी असे ते सांगते. शक्य तेथे मातृभाषेतून शिकवावे असे २००९ चा शिक्षणहक्क कायदाही म्हणतो.

२०२५ साली महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावरून केवढे वादळ उठले! एप्रिल आणि जूनमध्ये शासनाचे आदेश निघाले, आणि जूनअखेर ते मागे घेतले गेले. मुलाला किती भाषा शिकवाव्यात यावर सगळेच बोलले. मूल घरून कोणती भाषा घेऊन येते, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही. तांड्यावरच्या मुलीला शाळेतली पहिली भाषा, म्हणजे मराठी, हीच मुळी दुसरी असते. आदल्या वर्षी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण साऱ्यांनी साजरा केला. त्या आनंदात या मुलीचा वाटा कोणता, हे तिच्या वहीवरून ठरणार आहे.

हा प्रश्न खेड्यातल्या शाळेपुरताही नाही. नरडाण्याहून गाडी उलट दिशेने सुरतेला जाते. तेथे खानदेशातली हजारो कुटुंबे पोटासाठी गेली आहेत. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. तेथला मुलगा घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि गल्लीत गुजराती-हिंदी बोलतो. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकणारी आपली नातवंडे तरी काय निराळी आहेत? आजीशी एक भाषा, बाईंशी दुसरी. ‘माय ग्रँडमदर’ या निबंधातली आजी चष्मा लावून गोष्टी सांगते. आपल्या घरातली आजी काय करते, ते त्या वहीत येत नाही.

म्हणून आज रविवार आहे तर एवढे करून पाहावे. घरातल्या मुलाला आजीबद्दल पाच वाक्ये लिहायला सांगावीत, तिच्याच शब्दांत, ती जसे बोलते तसे. लिहून झाल्यावर ती वाचावीत, शक्य तर आजीलाही वाचून दाखवावीत. चुका सापडतील. त्या उद्या दाखवता येतील. आज लाल पेनाचे टोपण काढू नये.