परीकथा आणि प्राप्तिकर

स्टॉकहोमच्या 'एक्स्प्रेसन' या सायंदैनिकात मार्च १९७६ मध्ये एक परीकथा प्रसिद्ध झाली. मोनिस्मेनिया नावाच्या देशात पॉम्पेरिपोसा नावाची एक लेखिका राहते, मुलांसाठी पुस्तके लिहिते, देश चालविणाऱ्या शहाण्या पुरुषांवर तिची श्रद्धा असते आणि दर निवडणुकीत ती त्यांनाच मत देते. एके दिवशी तिला कळते की, तिच्या उत्पन्नावरील कराचा दर १०२ टक्के झाला आहे. ती कागद-पेन्सिल घेऊन बसते. वीस लाख क्रोनर मिळविले तर हाती उरणार पाच हजार! कथेतील लेखिकेचे नाव एका जुन्या स्वीडिश गोष्टीतल्या चेटकिणीवरून घेतलेले होते, परंतु ती कोण हे ओळखण्यास कोणालाही वेळ लागला नाही. ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांचे पुस्तक ज्या घरात नाही असे घर त्या देशात शोधूनच काढावे लागले असते.

शंभरावर दोन टक्के कर ही अतिशयोक्ती नव्हती. नोकरदाराच्या सामाजिक सुरक्षेची वर्गणी त्याचा मालक भरतो. स्वतंत्र व्यवसाय करणारा मात्र स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर. त्याच्यावर प्राप्तिकर पडे आणि मालकाची वर्गणीही पडे. दोन्ही कायदे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या सद्हेतूंनी झालेले होते. त्यांची बेरीज वरच्या उत्पन्नाच्या टप्प्यावर काय होते, हे कोणी करून पाहिले नव्हते. ती बेरीज एका अडुसष्ट वर्षांच्या बाईने केली. येथे प्रश्न सीमांत दराचा आहे, सरासरीचा नव्हे. शेवटच्या शंभर क्रोनरवर एकशे दोन द्यावे लागतात, म्हणजे जास्त मिळविणारा कमी मिळविणाऱ्यापेक्षा गरीब होत जातो, हे त्या कथेचे मर्म होते. अर्थशास्त्राच्या पदवी वर्गाला ही गोष्ट समजावण्यास दोन तास पुरत नाहीत. लिंडग्रेनबाईंनी ती एका गोष्टीत समजावली.

१९५५ पासून अर्थखाते सांभाळणारे गुन्नार स्ट्रेंग यांनी संसदेत या लेखनाची थट्टा केली. लेखिकेच्या साहित्यगुणांची त्यांनी वाखाणणी केली. करव्यवस्थेच्या चक्रव्यूहाविषयी तिला गाढ अज्ञान आहे, असे म्हणून विषय संपविला. बाईंचे उत्तर तयार होते: अर्थमंत्र्यांना गोष्टी रचता येतात, हिशेब येत नाही, तेव्हा दोघांनी आपापली कामे बदलून घ्यावीत. आकडेमोड त्यांचीच बरोबर होती, हे पुढे मान्य करावे लागले. गंमत अशी की, त्यांची सर्वांत प्रसिद्ध नायिका पिप्पी शाळेत पाढ्यांशी भांडते आणि घरी परतते.

हे प्रकरण स्वीडनपुरते होते, असे भारतीय वाचकाने मानू नये. आपल्याकडे १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा कमाल सीमांत दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. वांच्छू समितीने तो खाली आणण्याची शिफारस केल्यानंतर यशवंतराव चव्हाणांच्या १९७४ च्या अंदाजपत्रकात तो ७७ टक्क्यांवर आला. त्यापूर्वी संपत्तिकर धरता काहींच्या बाबतीत शंभराची मर्यादा आपणही ओलांडली होती. मात्र त्यावर कोणी परीकथा लिहिल्याचे ऐकिवात नाही; आपल्याकडे त्यावर दुसरी वही ठेवली गेली.

धनिक लेखिकेची करविरोधी कुरकुर एवढाच अर्थ या प्रकरणातून काढणे मात्र अन्यायाचे ठरेल. त्यासाठी पन्नास वर्षे मागे गेले पाहिजे. १४ नोव्हेंबर १९०७ रोजी स्मोलांड प्रांतातील विमर्बी गावाजवळ नेस येथे त्यांचा जन्म झाला. वडील चर्चच्या मालकीची जमीन खंडाने कसत. गावच्या वृत्तपत्रात उमेदवारी करीत असता, वयाच्या अठराव्या वर्षी, विवाहित संपादकापासून त्यांना दिवस गेले. त्याच्याशी लग्न त्यांनी नाकारले आणि गाव सोडले. स्टॉकहोमला लघुलेखन-टंकलेखन शिकत असताना इव्हा आंदेन या वकील बाईंच्या सल्ल्याने बाळंतपणासाठी त्या कोपनहेगनला गेल्या, कारण तेथील एका रुग्णालयात आईबापांची नावे सरकारदरबारी कळविण्याची सक्ती नव्हती. डिसेंबर १९२६ मध्ये मुलगा झाला, लासे. तीन वर्षे तो तेथे एका मायाळू बाईकडे वाढला. आई स्टॉकहोमच्या कचेऱ्यांतून टंकलेखन करी, घरून येणाऱ्या शिध्याच्या टोपलीवर दिवस काढी, आणि चार पैसे साठले की आगगाडीने मुलाला पाहून येई.

एकट्या आईला आधार देणारी व्यवस्था त्या काळच्या स्वीडनमध्ये नव्हती. पुढच्या चार दशकांत सामाजिक लोकशाही पक्षाने ती उभारली. लिंडग्रेनबाई त्या पक्षाच्या निष्ठावंत मतदार होत्या, आणि त्या निष्ठेला ग्रंथांतील तत्त्वज्ञानापेक्षा अधिक जुने कारण होते.

१९३१ मध्ये स्टुरे लिंडग्रेन यांच्याशी विवाह होऊन लासे घरी आला. १९३४ मध्ये कारीन जन्मली. आजारी असलेल्या कारीनने १९४१ मध्ये एक विचित्र नाव उच्चारले आणि त्या नावाची गोष्ट मागितली. त्यातून लांब मोज्यांची पिप्पी जन्माला आली. १९४४ मध्ये बर्फावरून घसरून पाय मुरगळला, अंथरुणावर पडून राहावे लागले, तेव्हा बाईंनी ती गोष्ट लघुलिपीत उतरवली. बॉनिअर या मोठ्या प्रकाशनसंस्थेने हस्तलिखित परत केले. राबेन अँड शोग्रेन या डबघाईस आलेल्या छोट्या संस्थेने १९४५ च्या स्पर्धेत त्याला पहिले पारितोषिक दिले आणि संस्था सावरली. पुढे त्याच संस्थेत १९७० पर्यंत त्या बालविभागाच्या संपादक होत्या. सकाळी अंथरुणात लेखन, दुपारी कचेरी. एकूण खप सोळा कोटींच्या वर, भाषा शंभराहून अधिक.

पिप्पी नऊ वर्षांची, घोडा आणि माकड यांच्यासह एकटी राहते, कोणाचे ऐकत नाही. १९४६ मध्ये प्राध्यापक योन लांडक्विस्ट यांनी या पुस्तकावर कडाडून टीका केली. टीकाकारांना पोरीचा उद्धटपणा दिसला, ताकद दिसली. तिच्याजवळची सोन्याच्या नाण्यांनी भरलेली पेटी मात्र फारशी कोणी लक्षात घेतली नाही. वस्तुतः त्या पेटीमुळेच तिला कोणाच्या दयेवर जगावे लागत नाही. परगावी खोली घेऊन टोपलीची वाट पाहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला त्या पेटीचे मोल ठाऊक होते.

सप्टेंबर १९७६ च्या निवडणुकीत सामाजिक लोकशाही पक्ष चव्वेचाळीस वर्षांनी सत्तेबाहेर गेला. त्याचे श्रेय एका परीकथेला देण्याची प्रथा पडली आहे. ती जपून मान्य करावी. पक्षाची मते घटली ती सुमारे एक टक्का. अणुऊर्जेचा वाद तेव्हा पेटलेला होता. त्याच वर्षी जानेवारीत चित्रपट दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांना कराच्या चौकशीसाठी नाट्यगृहातून तालीम चालू असता नेण्यात आले होते व एप्रिलमध्ये त्यांनी देश सोडला होता. तथापि एवढ्या थोड्या फरकाच्या निवडणुकीत एक गोष्टही वजनदार ठरू शकते. सरकार बदलावे असे बाईंनी उघडपणे लिहिले. पक्षाच्या मूळ विचारावरील श्रद्धा मात्र अखेरपर्यंत सोडली नाही. बर्गमनप्रमाणे त्या देशाबाहेर गेल्या नाहीत. २८ जानेवारी २००२ रोजी दालागातान रस्त्यावरील त्याच जुन्या बिऱ्हाडी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

जर्मन ग्रंथव्यावसायिकांचे शांतता पारितोषिक १९७८ मध्ये त्यांना मिळाले, तेव्हा मुलांना मारू नये या विषयावरील भाषण आधी वाचून आयोजक बिचकले. नुसते आभार मानून पारितोषिक घ्यावे, अशी सूचना आली. भाषण नसेल तर आपण येणार नाही, असे बाईंनी कळविले. भाषण झाले. पुढच्या वर्षी मुलांना मारणे कायद्याने निषिद्ध करणारा स्वीडन हा पहिला देश ठरला.

त्यानंतर त्यांनी पशुवैद्य क्रिस्टिना फोर्सलुंड यांच्यासह पोल्ट्रीतील कोंबड्या आणि गोठ्यातील गाई-डुकरांच्या कोंडमाऱ्याविरुद्ध लेखमाला चालविली. १९८७ मध्ये त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी पंतप्रधान इंग्वार कार्ल्सन स्वतः घरी आले, आणि प्राणिसंरक्षणाचा नवा कायदा होत असल्याची वार्ता त्यांनी भेट म्हणून दिली. १९८८ मध्ये तो मंजूर झाला. लोक त्याला 'लेक्स लिंडग्रेन' म्हणू लागले. बाईंनी त्याची कलमे वाचून पाहिली, आणि त्यात दम नाही असे स्पष्ट सांगितले.