मोठा आवाज कुणासाठी? : ‘सैराट’चं संगीत आणि चाहत्याचा आनंद

आजच्या विषयाचं नाव वाचून दोघा-तिघांनी आम्हाला दारातच विचारलं, “सर, तत्त्वज्ञान सोडलं की काय?” सोडलेलं नाही. पण तत्त्वज्ञानातले प्रश्न पुस्तकातून सुरू होतातच असं नाही. हा प्रश्न आमच्या इमारतीच्या जिन्यात सुरू झाला.

2016 सालचा उन्हाळा. शेजारचा एक तरुण, इथेच एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवणारा, रात्रपाळी करून आला होता. झोपायचं सोडून त्याने आमच्या कानात इअरफोन घातला. ‘याड लागलं’ सुरू होतं. म्हणाला, “सर, ऐका. हॉलिवूडमध्ये रेकॉर्ड केलंय. सगळी खरी व्हायोलिनं!” आम्ही मास्तरकीच्या सवयीने विचारलं, “अरे, पण गाणं चांगलं आहे म्हणून आवडलं, की हॉलिवूडमध्ये केलंय म्हणून?” तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, “सर, दोन्ही. त्यात काय चुकलं?”

काय चुकलं, किंवा चुकलं का, एवढंच आज बघायचं आहे.

आधी घडलं काय ते सांगतो. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला. संगीत अजय-अतुल या गोगावले बंधूंचं. गाणी चारच. त्यासाठी लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण झालं. हा पूर्वीच्या एमजीएम कंपनीचा जुना, नावाजलेला स्टुडिओ. एका मराठी चित्रपटाने एवढी उडी घ्यावी, याचं तेव्हा सगळ्यांनाच अप्रूप वाटलं. आणि हे बंधू काही लांबचे नाहीत. वडील महसूल खात्यात, त्यामुळे त्यांचं बालपण राजगुरुनगर, घोडेगाव, जुन्नर, शिरूर अशा गावांत गेलं. भोसरीतून नाशिक रस्त्याने चाकण ओलांडलं की राजगुरुनगर. आमच्या तरुण मित्राच्या आनंदात हा रस्तासुद्धा होता.

आता त्याचा आनंद जरा सोडवून बघू. त्यात एक अभिमान आहे आणि एक आवड आहे. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1790 साली एक उदाहरण दिलं. समोर राजवाडा आहे आणि कुणी विचारलं, हा सुंदर आहे का? एक जण म्हणतो, असल्या दिखाऊ गोष्टी मला पटत नाहीत. दुसरा म्हणतो, यात गरिबांचा घाम गेलाय. कांट म्हणतो, हे सगळं मान्य, पण प्रश्न तो नव्हता. सुंदर आहे का, एवढंच विचारलं होतं. हाच न्याय उलटाही लागतो. राजवाडा आपल्या माणसाने बांधला, खर्च फार झाला, म्हणूनही तो सुंदर ठरत नाही. हॉलिवूड हा पत्ता आहे, गुण नव्हे.

मग त्या वाद्यवृंदाने गाण्याला नेमकं दिलं काय? दोन गोष्टी सांगतो.

पहिली. आषाढीला आळंदीहून पालखी निघते तेव्हा दिंडीतले टाळ ऐका. शंभर जण एकच ठेका धरतात, पण कुणी केसभर आधी, कुणी केसभर नंतर. त्या बारीक फरकामुळे आवाज रुंद होतो. व्हायोलिनच्या ताफ्याचं तसंच आहे. पंधरा-वीस जण एकच सूर वाजवतात, प्रत्येकाचा गज वेगळा, हात वेगळा. कीबोर्डवर व्हायोलिनचा आवाज काढता येतो, पण तो साठवलेला असतो. प्रत्येक सुराला जिवंत माणसांची ती किंचित ओढाताण त्यात सहजी येत नाही. आमच्या मित्राच्या कानाला हा फरक कळला होता, नाव माहीत नव्हतं इतकंच.

दुसरी. आपलं संगीत मुख्यतः एका रेषेत चालतं. खाली षड्ज स्थिर, त्यावर सूर फिरतो. सिंफनी वाद्यवृंदात चार-सहा रेषा एकाच वेळी चालतात, आणि चालीखालची जमीनसुद्धा सरकते. चाल तीच राहते, खालचे सूर बदलतात, आणि मघाशी आनंदाची वाटलेली ओळ आता हुरहुर लावते. मर्ढेकरांनी सौंदर्याचे नियम सांगताना संवाद, विरोध आणि समतोल असे तीन शब्द वापरले. इथे ते कानाने पडताळता येतात. रांगडा, खुल्या गळ्याचा गावाकडचा आवाज आणि मागे शिस्तीत लिहून काढलेलं पाश्चात्त्य वादन : हा विरोध. तो विरोध न पुसता तोलून धरला आहे, हे या गाण्यांचं खरं यश.

हा प्रयोग पहिला नव्हे. 1969 साली डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर जॉन लॉर्डची रचना सादर केली. 1999 साली मेटॅलिकाने सॅन फ्रान्सिस्को सिंफनीला सोबत घेतलं. इलयराजांनी 2005 साली ‘तिरुवासगम’ बुडापेस्टच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. आपल्याकडे तर हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा अशा गोव्याच्या वादक-संयोजकांनीच उभा केला; त्यांची नावं पडद्यावर फारशी आली नाहीत. अशा प्रत्येक प्रयोगाला एक प्रश्न चिकटतो : मोठेपणा कुणी कुणाकडून उसना घेतला?

‘सैराट’मध्ये या प्रश्नाला वेगळं उत्तर मिळतं, असं आमचं मत आहे. पडद्यावर तो विराट आवाज कशासाठी वापरला होता ते आठवा. राजपुत्रासाठी नाही, बर्फाच्या डोंगरासाठी नाही. करमाळ्याच्या बाजूचा एक मासेमारी करणाऱ्या घरातला पोरगा एका मुलीला बघायला धावतोय, विहिरीत उडी टाकतोय, त्यासाठी! ज्याच्या प्रेमाला गावात किंमत नाही, त्याच्यामागे एवढा मोठा ताफा उभा केला. मोठा आवाज हा प्रतिष्ठितांचा राखीव माल नाही, हे कुठलंही भाषण न करता सांगितलं. आमचा मित्र रात्रपाळीहून येऊन ते ऐकत होता. त्याचा अभिमान फक्त हॉलिवूडचा नव्हता. आपल्यासारख्याचं जगणंही एवढ्या मोठ्या आवाजात सांगण्यासारखं आहे, याचा तो होता. तेव्हा कांटची रेघ उपयोगाची, पण इथे ती अर्ध्या वाटेवर थांबते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त कलेकडे बघण्याच्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिका मांडल्या. या गाण्यांना दोन्ही लागतात.

आणि आता शेवटचं, जरा अवघड. ‘झिंगाट’वर नाचला नाही असा माणूस या पंचक्रोशीत शोधावा लागेल. लग्नसराईत भोसरीतल्या कुठल्याही मंगल कार्यालयाजवळून जा, डीजेवर ते वाजतंच. चित्रपटात हे गाणं आर्चीच्या भावाच्या वाढदिवसाला वाजतं, आणि त्याच रात्री दोघं पकडली जातात. पुढे त्यांचं काय होतं, ठाऊक आहे. शेवटच्या दृश्यात लहान मूल रक्ताची पावलं उमटवत घराबाहेर येतं, तेव्हा संगीत नाही. आवाजच नाही. एवढा वाद्यवृंद आणणाऱ्यांनी शेवटी तो पूर्ण थांबवला. ती शांतता हाही त्या संगीताचाच भाग आहे.

आम्ही मात्र गाणं घरी आणलं आणि शांतता थिएटरात ठेवून आलो. पत्रिका, पोटजात, सगळं जुळवून ठरवलेल्या लग्नाच्या वरातीत आम्ही ‘झिंगाट’वर नाचतो, आणि त्यात काही विसंगत आहे असं कुणालाच वाटत नाही. आम्हीही त्या वरातीत उभे होतो, टाळ्या वाजवत होतो. अभिनवगुप्तांनी साधारणीकरण सांगितलं : दुसऱ्याचं सुखदुःख कलेच्या वाटेने सगळ्यांचं होतं. पण सुखाचं साधारणीकरण झालं आणि दुःखाचं तेवढं त्यांचंच राहिलं, तर आस्वाद अर्धाच झाला म्हणायचा.

म्हणून त्या मित्राला आमचं उत्तर असं : बाबा रे, चुकलं काही नाही. अभिमान बाळग, व्हायोलिनं ऐक, नाचसुद्धा. फक्त गाणी संपल्यावर येणारी ती शांतता तेवढी वगळू नकोस. उद्या तुझ्या घरातली बहीण किंवा मुलगी एखादं नाव घेऊन समोर उभी राहील, तेव्हा तुझी आवड किती खरी होती ते कळेल.

इथे थांबतो.