राखेचा हिशेब

पहाटे ५.१५

फोन आळेफाट्यावरच्या हॉटेलातून. "मिस्त्री, आग उठंना. पातेली काळी पडल्यात आणि जळण डबल लागतंय." पेलेट म्हणजे भुसा किंवा काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या. त्यांच्या भट्टीची तक्रार बहुतेक वेळा याच तोंडवळ्याची असते: जाळ पिवळा, भांड्यांना काजळी, पोती लवकर संपतात. हॉपरमधून उलटा धूर येतोय असं कुणी म्हणालं तर मी तोंड न धुता निघतो, कारण ती आग मागं पेलेटच्या साठ्याकडं सरकत असते. आज चहाला सवड होती.

नारायणगावातून निघालो तेव्हा अंधार होता. पौषातली थंडी, ऊसतोड चालू. फड मोकळे होतात तसा बिबट्या बाहेर पडतो, म्हणून या दिवसांत पहाटे मोटारसायकल काढत नाही. टेम्पोच. मागं वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल आणि पत्र्याचा झाकणाचा डबा. डबा राखेसाठी.

सकाळी ६

सकाळी मिसळ, दुपारी मासवडीची थाळी असं हे हॉटेल. १९ किलोच्या सिलिंडरचा खर्च झेपेना म्हणून शेठनी पेलेटचा बर्नर बसवला. यंत्र साधं आहे. हॉपरमधून स्क्रू पेलेट पुढं ढकलतो, खालून ब्लोअर हवा मारतो आणि मधल्या भोकाभोकांच्या पॉटमध्ये जाळ होतो. झीज होते ती या पॉटची. बाकी सगळं वर्षानुवर्षं चालतं.

"बंद करू का?" शेठ म्हणाले. म्हटलं, थांबा, आधी चालू असताना बघू द्या. भट्टी बंद करून निदान करणारे मिस्त्री मला कळत नाहीत. डाव्या अंगाला जाळ लांब, लालसर, सुस्त. उजवीकडं जाळच नाही, पेलेटचा ढीग नुसता धुमसतोय. ब्लोअरचा आवाज खणखणीत. म्हणजे हवा येत होती, पण सगळी एकाच बाजूनं.

स्क्रू बंद केला, ब्लोअर चालू ठेवला. निवायला तासभर लागतो. घाईनं पाणी मारणारे असतात. तापलेला पॉट तडकतो आणि वाफेनं हात भाजतो तो वेगळा. तोवर मिसळ सिलिंडरवर गेली आणि शेठचा चेहरा उतरला.

सकाळी ७.३०

या वेळात मी भट्टीची राख काढणाऱ्या बाईंना गाठतो. मालकाला बिल माहीत असतं, आचाऱ्याला जाळ, पण भट्टीच्या पोटात काय चाललंय ते राख काढणाऱ्यालाच आधी कळतं. इथं मावशी होत्या.

"आवं भाऊ, दिवाळीपासनं राखंत खडं निघत्यात. काचंवानी. आधी नुसती भुकटी असायची. सळईनं उचकटून काढावं लागतंय. मी सांगितलं व्हतं."

कुणाला सांगितलं होतं ते त्या बोलल्या नाहीत. शेठ मोबाइलमध्ये बघू लागले.

दिवाळीत काय बदललं? पेलेटवाला. पोत्यामागं थोडे पैसे वाचत होते. नव्या पोत्यातले पेलेट हातावर घेतले: रंगानं करडे, मोडल्यावर आत पाचटाचे धागे आणि बारीक माती. उसाच्या पाचटात सिलिका असते, पोटॅशियम असतं, क्लोरिनही असतं. पोटॅशियममुळं राख कमी उष्णतेला वितळते, सिलिकेची त्यात काच होते आणि गार झाली की तिचा खंगर बनतो. वीटभट्टीत जास्त भाजलेल्या विटांचा होतो, त्याच जातीचा. मातीनं त्यात आणखी भर पडते. क्लोरिन लोखंड पोखरतं ते निराळं.

युरोपात घरं गरम ठेवायला जे पेलेट जाळतात ते भुशाचे, लाकडाचे. तिथल्या 'ए-वन' दर्जाच्या पेलेटमध्ये राख ०.७ टक्क्यांहून जास्त चालत नाही. आपल्याकडं शेतातल्या काडीकचऱ्याच्या पेलेटला आठ-दहा टक्के राख निघाली तरी नवल नाही. शंभर किलो जाळले तर तिकडं पाऊण किलोच्या आत राख, इकडं बादलीभर. तिकडच्या पुस्तकात लिहिलेलं पॉटचं आयुष्य इथं धरून चालत नाही, ते यामुळं.

सकाळी ८.४५

पॉट बाहेर काढला. खालच्या रांगेतली निम्मी भोकं हिरवट काळ्या काचेनं बुजलेली. छन्नी आडवी धरून हलक्या हातानं खंगर उडवला. उभी मारली तर खालचा पत्राच फुटतो. मग वायर ब्रश. आता पॉट उन्हाकडं धरून आत पाहिलं. वरच्या रांगेतून गोल कवडसे पडले. खाली डावीकडं कवडसे लांबट, आणि दोन भोकांच्या मधली पट्टी खाऊन त्यांचं एकच भगदाड झालेलं. वरच्या भोकात सहा एमएमचं ड्रिल बिट नीट बसत होतं, खाली दहाचं आरपार जाऊन डुगडुगत होतं. तळाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक जरा दाबलं, आत गेलं. पापुद्र्यांशिवाय तिथं काही उरलंच नव्हतं.

सपाट फरशीवर ठेवला तर पॉट एका कोपऱ्यावर डुलला. तो वाकलाय म्हणजे बैठकीत फट आहे. हवा सोपी वाट धरते: थोडी भगदाडातून, थोडी फटीतून, आणि उजवीकडच्या पेलेटला काहीच नाही. पहाटेचा वाकडा जाळ तो हाच.

एक गोष्ट बऱ्याच भट्टीवाल्यांना पटत नाही. खालून येणारी हवा नुसती जाळ फुलवायला नसते, तीच पॉटला गार ठेवते. भोकं बुजली की तिथला पत्रा गार होत नाही, वरून निखारा आणि खंगर बसलेलाच. आगीनं पॉट जळत नाही. तसं असतं तर नवा पॉट आठवड्यात गेला असता. हवा तुटली की जळतो.

सकाळी १०.१५

नारायणगावच्या शेडवर परत. शेठना हवं होतं तसं जुन्या भगदाडावर वेल्डिंगचा थर चढवून भागत नाही. पातळ झालेल्या पत्र्याला रॉड टेकला की भोक मोठंच होतं. ग्राइंडरनं तळ कापत गेलो, ठिणग्या पडून धड, चकचकीत धातू दिसेपर्यंत.

नवा तळ कशाचा? साधं लोखंड स्वस्त, पण साडेपाचशे अंशांच्या पुढं त्याचे पापुद्रे सुटतात. ३०४ स्टेनलेस डेअरीच्या भंगारात मिळतं, नऊशेच्या आसपास दम धरतं. ३१० ला अकराशेपर्यंत भीती नाही; ते भोसरीहून आणावं लागतं आणि महाग पडतं. लोक चुंबक लावून स्टेनलेस पारखतात. चुंबक चिकटलं नाही म्हणजे ३०४ असेलच असं नाही, २०२ लाही ते चिकटत नाही आणि भट्टीत ते फार टिकत नाही. माझ्याकडं ३१० चा पाच एमएमचा तुकडा होता. शेठना फोनवर भाव सांगितला. थोडा वेळ शांतता, मग "लावा."

भोकं पाडायला सगळ्यात जास्त वेळ गेला. स्टेनलेसवर ड्रिल जोरात फिरवलं की पत्रा तापून कडक होतो आणि बिटचं टोक जातं. कमी फेरे, वरून घट्ट दाब, तेलाचा थेंब चालू. बिट नीट कापतंय हे किसावरून कळतं: लांब वेटोळी निघाली तर ठीक, भुगा निघाला तर थांबायचं. भोकं वरच्या रांगेच्या मापाची, सहाचीच. "जरा मोठी पाडा, हवा जास्त येईल," असं सांगणारे रोज भेटतात. भोक मोठं केलं की हवेचा जोर मोडतो, जाळ सुस्तावतो आणि पेलेट अर्धवट जळून खाली पडतात.

तळ ३०९ च्या रॉडनं जोडला. समोरासमोर टॅक मारत गेलो, एका दमात ओढलं असतं तर पुन्हा वाकला असता.

दुपारी १२.४५

जेवण शेडमध्येच. कोपऱ्यात घरगुती पेलेट शेगड्या पडल्यात, सुट्या भागांसाठी ठेवलेल्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीनं बीपी कंपनीनं २००६ च्या सुमारास 'ऊर्जा' शेगडी आणली, २००९ मध्ये तो धंदा पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडं आला. महाराष्ट्र-कर्नाटकात लाखांनी खपली. वरून पेटवायची, खाली बॅटरीवरचा छोटा पंखा, एक भरणा तासभर जळायचा. मग काडीकचऱ्याला कारखान्यांचं गिऱ्हाईक मिळालं, पेलेट महागले, घराघरांत गॅस पोचला. पेलेट हॉटेलांच्या आणि कारखान्यांच्या भट्टीत गेले. माझं पोट त्याच भट्ट्यांवर आहे.

दुपारी २

आळेफाटा. बैठक घासून सपाट केली, सिरॅमिकची दोरी नवी घातली. पॉट बैठकीत हलका सैल ठेवला. तापल्यावर स्टेनलेस साध्या लोखंडाच्या जवळपास दीडपट फुगतं, घट्ट ठोकून बसवला तर पुन्हा वाकणार. ब्लोअरची पाती उघडली, त्यावर तेलकट पिठाचा लेप. तोही साफ केला.

पेटवली. पहिली काही मिनिटं धूर, मग जाळ उभा राहिला, दोन्ही बाजूंनी सारखा. स्क्रूची गती उलट कमी करावी लागली. मावशी येऊन बघून गेल्या. त्यांना सांगितलं की रोज निवल्यावर पॉट खरवडायचा, भोकात सळई फिरवायची आणि राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, भिंतीपासून लांब ठेवायची. राखेतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडतो. शेठना सांगितलं की हेच पेलेट चालू राहिले तर ३१० चा तळसुद्धा मला परत बोलावेल.

दुपारी ४.३०

मंचर. बटाट्याच्या वेफर्सचा छोटा कारखाना, सातगाव पठारचा माल. तक्रार तीच, धूर आणि काजळी. मालकानं नवा पॉट मागवायचं ठरवूनही टाकलं होतं. पॉट काढला तर भोकं गोल, तळ जाड. पेलेट मोडला, 'टक' आवाज आला नाही, मऊ तुटला. म्हणजे ओल धरलेला. पोती मोरीलगतच्या भिंतीला टेकून, थेट जमिनीवर. खाली लाकडी फळ्या टाका, भिंतीपासून हातभर लांब रचा, म्हटलं. फेरीचे पैसे घेतले. मालकाला वाटलं मी काहीच केलं नाही. धंद्यात हे चालायचंच.

संध्याकाळी ७.१५

कळंब मागं टाकताना शेठचा फोन. जुना पेलेटवाला परत माल द्यायला तयार आहे, पण नव्याची बरीच पोती पडून आहेत, त्यांचं काय करू? म्हटलं, जुन्यात थोडे थोडे मिसळून संपवा आणि तेवढे दिवस पॉट दोनदा खरवडा.

भट्टी असणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. पेलेटवाला बदलायचा असेल तर आधी नमुन्याचे दहा किलो मागून घ्या. पॉट स्वच्छ करून तेवढेच जाळा आणि निवल्यावर राख किराणाच्या काट्यावर तोला. पाऊण किलोच्या वर भरली किंवा राखेत काचेचे खडे दिसले, तर स्वस्त पोतं घेऊ नका.