ड्रिल मशीनसाठी व्हाइस कसा निवडावा?



ऊस विकासाच्या पानावर यंत्राची गोष्ट कशाला, असे काही जण विचारतील. पण रिजर, कल्टिव्हेटर आणि ट्रॉलीशिवाय आता ऊस होत नाही. त्यांच्या दुरुस्तीसाठी काही सभासदांनी शेडमध्ये वेल्डिंगशेजारी उभे ड्रिल मशीनही बसवले आहे. शिवारफेरीत आम्ही पाहतो, मशीन चांगले असते, पण लोखंडी पट्टी नुसत्या हाताने धरून भोक पाडतात. हे फार धोक्याचे आहे.

हिशेबच करून पाहू. मोटर अर्ध्या अश्वशक्तीची, फेरे मिनिटाला 300. मोटर पूर्ण जोरात असताना भोकापासून 10 सेंटिमीटरवर पट्टी धरली, तर हातावर सुमारे 12 किलोचा ताण येतो. ड्रिल खालून बाहेर पडताना पट्टीत अडकते, तेव्हा हा ताण एका झटक्यात येतो आणि पट्टी पंख्यासारखी फिरते. फेरे कमी केले की धोका कमी, हा गैरसमज आहे. पुलीवरचा पट्टा बदलून फेरे निम्मे केले, तर जोर दुप्पट होतो.

म्हणून व्हाइस हवाच. तो घेताना एवढे पाहावे :

1) बाकावरचा उंच बेंच व्हाइस ड्रिलच्या टेबलावर ठेवू नये. ड्रिलसाठी बुटका, सपाट बुडाचा व्हाइस वेगळा मिळतो.

2) 13 मिलिमीटर चकच्या मशीनला साधारण 100 मिलिमीटर रुंद जबड्याचा व्हाइस पुरतो. दुकानात जाताना टेबलाचे माप आणि त्यावरील खाचांमधले अंतर लिहून न्यावे. व्हाइसचे बोल्ट त्या खाचांत बसले पाहिजेत.

3) दुकानातच चौकोनी तुकडा जबड्यात आवळून पाहावा. हलता जबडा वर उचलला जात असेल, तर तुकडा तिरपा धरला जातो आणि भोकही तिरपे पडते. सपाट जागेवर बूड डुगडुगता कामा नये.

4) जबड्याला व्ही आकाराची खाच असावी, म्हणजे ट्रॉलीची गोल पिन घट्ट धरता येते. जबड्याच्या प्लेटा स्क्रूने बसवलेल्या असल्यास झिजल्यावर बदलता येतात.

दोन्ही दिशांना सरकणारा क्रॉस व्हाइस ओळीने भोके पाडायला सोयीचा, पण तो उंची खातो आणि हलक्या प्रतीचा असेल तर ढिला पडतो. घरच्या दुरुस्तीला साधा व्हाइस पुरे.

व्हाइस वजनाने जड आहे म्हणून नुसता ठेवू नका, बोल्टने टेबलाला आवळा. लांब पट्टी असेल तर खाली लाकूड देऊन ती टेबलाला क्लॅम्प करा आणि तिचे टोक मशीनच्या खांबाला डाव्या बाजूने टेकवा. पट्टी सुटली तरी खांब तिला अडवील. हातमोजे, उपरणे, सैल बाही मशीनजवळ नकोच.

परळीत 1971 साली औष्णिक वीज केंद्र सुरू झाले, तेव्हापासून येथे जाणत्या फिटरांची वाण नाही. खरेदीला एखाद्याला सोबत न्यावे. भोक चुकले तर पट्टी दुसरी मिळते, बोट मिळत नाही. हंगामाच्या घाईत हे विसरू नये, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी