अगत्तीचा कुपा

लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर सुट्टीला येणारी माणसं पश्चिमेकडच्या लगूनसाठी येतात. प्रवाळाच्या कड्याने अडवून धरलेलं उथळ, हिरवट-निळं पाणी आणि खाली पांढरी वाळू. कोचीहून लहानशा विमानाने मी आलो तोही त्यासाठीच. पण हे लगून बेटवाल्यांच्या काय कामाचं आहे ते पहाटे दिसतं, पाहुणे झोपेत असताना.

एका बोटीवर मला सोबत घेतलं. कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या, मासेमारीच्या इथल्या यांत्रिक होड्यांना पाब्लो बोट म्हणतात. दिवसाचं पहिलं काम कुपा पकडण्याचं नव्हतंच, चाऱ्याचं होतं. प्रवाळाच्या ढिगांभोवती बोटाएवढी चंदेरी मासळी थव्याने फिरते. चौकोनी जाळं पाण्यात बुडवून धरलं, दोघे पोहत गेले आणि थवा हळूहळू जाळ्यावर वळवला. मासळी जिवंत राहिली पाहिजे, म्हणून तिला फार जपतात. खवले गेलेली मासळी तासाभरातही मरते. बोटीच्या पोटात तिच्यासाठी हौद असतो. तळाच्या भोकांतून समुद्राचं पाणी आत खेळतं राहतं.

मग कड्याबाहेर, खोल समुद्रात. सगळ्यांचे डोळे पक्ष्यांवर. पक्षी जिथे घिरट्या घालतात, तिथे खाली कुप्याचा थवा असतो. बोट जवळ गेली की एकजण मूठमूठ जिवंत चारा फेकतो, दुसरे पाण्याचे शिंतोडे उडवत राहतात. लहान मासळी उसळते आहे असं कुप्याला वाटतं आणि तो वर येतो. बोटीच्या मागच्या फळीवर माणसं बांबूच्या काठ्या घेऊन ओळीने उभी. गळाला उलटा काटा नसतो. मासा लागला की काठीचा झटका, मासा डोक्यावरून मागे, दोरी सैल पडताच तो आपोआप सुटून फळीवर आदळतो आणि गळ पुन्हा पाण्यात. कोणी हात लावत नाही, कोणी बोलत नाही. थवा खाली बसला की सगळं एकदम थांबतं. इतक्या वेगाचं आणि इतकं नेमकं काम मी कोकणच्या कुठल्याही बंदरावर पाहिलेलं नाही. आपल्याकडे ट्रॉलरच्या जाळ्यात पिल्लांसकट सगळं ओढलं जातं. इथे एका गळाला एक मासा, आणि तोही हवा तोच.

लक्षद्वीपमध्ये ही पद्धत मूळची मिनिकॉय बेटाची. १९६०च्या दशकापासून मत्स्य खात्याने ती इतर बेटांवर नेली.

ताजा खपून उरलेला कुपा किनाऱ्यावर टिकवतात. डोकं आणि आतडी काढून लांबट फोडी करायच्या, खाऱ्या पाण्यात उकळायच्या, नारळाच्या सोडणांच्या धुरावर धरायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. फोडी लाकडाइतक्या टणक होतात. हे मास्मीन. पाच किलो ताज्या माशाचं जेमतेम किलोभर होतं, पण बर्फाशिवाय महिनोन्‌महिने टिकतं. खोबऱ्याबरोबर कुटून भातावर घेतात. चव धुराची आणि समुद्राची, अगदी अस्सल.

या सगळ्याची सुरुवात त्या बोटाएवढ्या मासळीपासून होते. चारा मिळाला नाही तर समुद्रात कुपा असूनही बोट कड्याबाहेर जात नाही. आणि चाऱ्याची बरीच मासळी प्रवाळाच्या आधाराने जगते. १९९८, २०१० आणि २०१६ साली पाणी तापून लक्षद्वीपचं प्रवाळ पांढरं पडलं, मोठ्या प्रमाणावर मेलं. पाहुण्यांना ज्यात पोहायचं आहे ते पाणी बेटाचं कोठार आहे, हे मला बोटीवर बसल्याशिवाय समजलं नसतं.

अगत्तीला जरूर जा. प्रवेशाचा परवाना आधी काढा. पाण्यात उतरल्यावर प्रवाळावर पाय टेकू नका. मेलेला तुकडाही पिशवीत घालू नका, प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. घरी न्यायचं असेल तर बेटावरच्या माणसांकडून मास्मीन विकत घ्या.