पहाटे तीनचा काजरा

बंगळूरच्या व्हाइटफील्डला माझ्या भाचीच्या टेबलावर लॅपटॉप आणि कॉफीचा मग यांच्या मधोमध एक चिमुकली बाटली असते. आत साबुदाण्याहून बारीक पांढऱ्या गोळ्या, वर लेबल : नक्स व्होमिका ३०. गेले काही महिने तिला पहाटे तीनला जाग येते. लॅपटॉप उघडायच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो, आणि कुणी साधी हाक मारली तरी ती खेकसते. मी लेबल वाचलं आणि म्हटलं, "अगं, हा तर आपला काजरा!"

"मावशी, काजरा म्हणजे?"

म्हणजे कुचला. कोकणच्या रानात वाढणारं झाड, त्याला लहान संत्र्याएवढी नारिंगी फळं, आणि फळात बटणासारख्या चपट्या, रेशमी लव असलेल्या बिया. कन्नडमध्ये हाच कासरक. कासरगोड हे नाव त्यावरूनच पडलं असं एक मत आहे. बी जहर कडू, आणि इथे जहर हा शब्द शब्दशः घ्यायचा. १८१८ साली पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी काजऱ्याच्या एका भाऊबंदाच्या बियांतून स्ट्रिक्निन वेगळं केलं. काजऱ्यातलं विषही तेच. आपल्या मज्जारज्जूत ग्लायसिन नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. स्ट्रिक्निन नेमकी त्या ब्रेकची जागा अडवून बसतं. मग सगळे स्नायू एकदम आवळतात, आणि टाळी वाजल्याएवढ्या आवाजानेही शरीर धनुष्यासारखं ताणलं जातं. गंमत अशी, की मलबारी कवड्या धनेश हा पक्षी हीच फळं मजेत खातो.

आयुर्वेदातले वैद्य हे विष गोमूत्र, दूध, तूप यांत शुद्ध करून माणसाळवतात. जर्मनीच्या सॅम्युएल हानेमानने वेगळी वाट धरली, होमिओपथीची. १७९० मध्ये त्याने सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली, हिवतापासारखी लक्षणं जाणवली, आणि त्यातून सूत्र काढलं : निरोगी माणसात जो पदार्थ जी लक्षणं उठवतो, तो तशाच लक्षणांच्या आजारावर द्यायचा, पण अगदी विरळ करून. १८११ च्या त्याच्या औषधग्रंथात काजराही आहे. पुढच्या होमिओपथांनी या औषधाचं जणू व्यक्तिचित्रच रंगवलं : बैठं काम, डोक्याला सतत ताण, कॉफीचा आधार, आवाज-उजेड सोसत नाही, चटकन चिडणारा, पहाटे तीनला जागा होऊन कामाचाच विचार करणारा. हे व्हाइटफील्डच्या आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींसमोर बसून लिहिलंय असं वाटावं! मुंबईचे होमिओपथ डॉ. राजन शंकरन यांनी तर वनस्पतींच्या एकेका कुळाला एकेक संवेदना जोडून अख्खा तक्ताच मांडला आहे.

भाचीच्या या अवस्थेला आज वापरतात तो 'बर्नआउट' शब्द त्या मानाने अगदी पोरवयाचा. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गरने तो मानसशास्त्रात आणला. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या केली खरी, पण आजार म्हणून नव्हे, नोकरीतून उद्भवणारी अवस्था म्हणून.

आता त्या '३०'कडे वळू. एक भाग औषध, नव्व्याण्णव भाग द्रव, पुन्हा त्यातला एक भाग, पुन्हा नव्व्याण्णव. असं तीस वेळा. म्हणजे एकावर साठ शून्यं. बाराव्या फेरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा रेणू हाती लागण्याची आशा संपते. तिसाव्या फेरीनंतर काजऱ्याचा एक रेणू भेटावा म्हणून किती पाणी प्यावं लागेल? मी पेन्सिल घेऊन बसले. उत्तर आलं : सुमारे पंधरा हजार सूर्यांच्या वजनाइतकं. तेव्हा भाचीच्या बाटलीत काजरा नाही, साखर आहे. (मदर टिंक्चर, म्हणजे मूळ अर्क, मात्र इतकं विरळ नसतं, कुचल्याचं तर आपल्या मनाने मुळीच घेऊ नये.)

तरी भाची म्हणते, होमिओपथकडे जायला लागल्यापासून जरा बरं वाटतंय. ते का? २०११ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी संधिवाताच्या रुग्णांवर याचीच उकल करून पाहिली. काहींना होमिओपथची सविस्तर भेट मिळाली, काहींना नाही. काहींना खरी गोळी, काहींना खोटी. फरक पडला तो भेटीने. गोळी खरी की खोटी, याने काहीच बिघडलं नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेनेही उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं, की कुठल्याही आजारावर होमिओपथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही.

भाचीला विचारलं, "होमिओपथकडे नेमकं काय होतं?" म्हणाली, "पहिल्या भेटीत तासभर बसवलं. झोप कशी येते, स्वप्नं कसली पडतात, राग आला की शरीरात कुठे जाणवतो, लहानपणी कशाची भीती वाटायची." घड्याळाकडे न बघता तिला इतके प्रश्न त्या वर्षात दुसऱ्या कुणी विचारले नव्हते. मी धरून, हे कबूल करायला हवं.

थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र मी तिला तपासून घ्यायला लावलं. थकव्याच्या आड त्यांतला बिघाडही लपतो. अहवाल ठीक आले. मग बाटली हलवून पाहिली, तर जवळजवळ भरलेलीच.

"घेत नाहीस?"

"विसरते गं. पण पुढची अपॉइंटमेंट घेतलीय. आणि मे महिन्यात कोकणात येते, तो काजरा दाखव मला."