इन्सुलिनचा भाव कोण ठरवतो?

बँकेत आयुष्यभर इतरांचे हिशेब तपासले. परंतु २०१९ साली न्यू जर्सीतील एका औषध दुकानात माझाच हिशेब चुकल्यासारखे वाटले. मुलाकडे गेलो असता सौभाग्यवतींची इन्सुलिनची बाटली प्रवासात फुटली होती. तेथील डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळालेल्या नव्या बाटलीची किंमत सुमारे पावणेतीनशे डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने एकोणीस हजार रुपये! हिंगणघाटला आम्ही नेहमीची बाटली दीडशे रुपयांच्या आसपास घेत होतो.

परतल्यावर शांतपणे आकडेमोड केली. आपल्याकडील १० मिलिलिटरच्या बाटलीत बहुधा ४०० युनिट असतात, तेथील बाटलीत १०००. हा फरक केवळ पैशाचा नाही. तेथील औषध आपल्या लाल टोपणाच्या ४० युनिटच्या सिरिंजने घेतल्यास अडीचपट मात्रा जाते व ती जिवावर बेतू शकते. शिवाय तेथील बाटली नव्या, सुधारित इन्सुलिनची होती; आपली जुन्या ‘मानवी’ इन्सुलिनची. जुना प्रकार तेथेही काही मोठ्या दुकानांत २५ डॉलरला मिळतो. तरीही तफावत उरतेच. २०१८ च्या दरांवरून रँड संस्थेने काढलेली सर्व प्रकारांची सरासरी किंमत अमेरिकेत ९८.७० डॉलर, कॅनडात १२, तर ऑस्ट्रेलियात ६.९४ डॉलर होती.

इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटोत लागला. संशोधकांनी पेटंटचे हक्क प्रत्येकी अवघा १ डॉलर घेऊन विद्यापीठाला दिले. मग हा भाव आला कोठून? व्यापाऱ्याला याचे उत्तर चटकन उमजेल. ब्रिटन, ऑस्ट्रेलियात सरकार साऱ्या देशासाठी घाऊक सौदा करते. भारतात मानवी इन्सुलिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने त्याच्या किमतीला सरकारी मर्यादा आहे. २००३ मध्ये औरंगाबादेत कारखाना असलेल्या वोखार्टने देशी मानवी इन्सुलिन बाजारात आणले आणि स्पर्धाही वाढली. अमेरिकेत मात्र छापील किंमत चढी ठेवून मधल्या दलालांना सूट देण्याची रीत पडली; विमा नसलेल्याच्या माथी पूर्ण छापील किंमत. २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी अनेक इन्सुलिनचे दर सत्तर टक्के वा अधिक उतरवण्याचे जाहीर केले. म्हणजे भाव उतरवणे अशक्य कधीच नव्हते.

तथापि आपल्याकडील स्वस्ताईवर समाधान मानून चालणार नाही. रोज ४० युनिट लागणाऱ्यास महिन्याला तीन बाटल्या हव्यात. सिरिंज आणि साखरेची तपासणी वेगळी. समुद्रपूर, आर्वीकडील शेतमजुराला हा खर्च जन्मभराचा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने जेनेरिक औषधे अल्प दरात देऊन एक वाट दाखवली आहे. दुसरी वाट आपल्या हाती आहे. दुकानात वीस वर्षे राबणाऱ्या माणसाला मधुमेह असेल, तर त्याच्या तीन बाटल्यांचा खर्च आपल्या वहीत एका ओळीत मावतो.